भाईदासची लोखंडी नाव

पिंप्राळ्यात भाईदास मिस्तरीचं दुकान कुठं आहे असं कुणालाही विचारा, तो रस्ता सांगायच्या आधी जरा हसेल. भाईदासच्या कामाला नाव ठेवील असा माणूस अख्ख्या जळगावात सापडायचा नाही, आणि भाईदासनं ज्याला नावं ठेवली नाहीत असा मिस्तरीही सापडायचा नाही. त्याच्याबरोबर नुसतं चहाला निघा. रस्त्यातल्या प्रत्येक गेटपाशी तो थांबणार, बिजागरीला हात लावून बघणार आणि घरमालकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "कोणी केलं हो हे? डोळे मिटून केलंय का?"

पण ही सगळी वरवरची आग. आतली, खरी, कायम धगधगणारी आग त्यानं एकाच माणसासाठी राखून ठेवली होती. तो माणूस धुळ्याला राहायचा. बन्सीलाल. भाईदासचा साडू.

साडू काय चीज असते ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. भाऊ असता तर भांडता आलं असतं, शेजारी असता तर बोलणं तोडता आलं असतं. साडूशी काहीच करता येत नाही. सासुरवाडीला दोघांची ताटं शेजारीशेजारी मांडतात आणि माणूस जन्मभर दुसऱ्याच्या ताटात काय पडलं ते बघत जेवतो.

सासुरवाडी चोपड्याची. सासरे एका जिनिंगमध्ये फिटर होते, सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. पोरवयातला भाईदास त्यांच्याच हाताखाली शिकला. सरकीत लोळला, शिव्या खाल्ल्या, आणि एक दिवस नानांनी आपली थोरली, यशोदा, त्यालाच दिली. पुढे जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात निघाली. नानांनी त्यातली एक गोष्ट तेवढी सोडवून घेतली. कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसखालची लोखंडी प्लेट, चांगली दोन बोटं जाड, आरशासारखी सपाट. चार पाय जोडून ती त्यांनी ट्रकमधून पिंप्राळ्याला आणली, भाईदासच्या रिकाम्या शेडमध्ये मधोमध मांडली आणि म्हणाले, "हाऊ तुना पाट. आते यानावर बठ."

तेव्हापासून दुकानात तिला पाटच म्हणायचे. गेट असो, ग्रील असो, जिना असो, पाटावर ठेवला की वाकडं काय ते लगेच दिसायचं. भाईदासच्या कामाला कोणी नाव ठेवत नसे त्याचं अर्धं कारण तो पाट होता. हे भाईदासला माहीत होतं, पण तो बोलून दाखवायचा नाही.

बन्सीलाल हा धाकट्या सुलक्षणाचा नवरा. लग्न झालं तेव्हा त्याच्या हाताला काम नव्हतं, म्हणून नानांनी त्याला शिकायला भाईदासकडे पाठवलं. वेल्डिंगचा पहिला टाका बन्सीलालनं मारला तो त्याच पाटावर. भाईदासनं त्याला शिव्या घालून घालून शिकवलं, आणि शिकवल्याचा पश्चात्ताप त्याला आजतागायत पुरला. कारण हा पठ्ठ्या धुळ्याला गेला, दुकान टाकलं, पत्रा कापायचं कम्प्युटरवालं मशीन आणलं, पांढरे शर्ट घालायला लागला. वर स्वभाव गोड. ज्याच्याशी बोलेल तो त्याचा होऊन जायचा. भाईदासला हे सगळं एकवेळ चाललं असतं. मशीन चाललं असतं, शर्टही चालला असता. चालला नाही तो राव.

म्हणजे असं, की दिवाळीला दोघं जावई चोपड्याला पोचायचे. नाना ओट्यावरून उठायचे. "या बन्सीलालराव, बसा. अगं, खुर्ची आन." मग भाईदासकडे वळायचे. "का रे भाईदास, उना का? ती मोटार देख जराखा, पानी चढत नही." झालं! भाईदास प्रवासातले कपडे न बदलता विहिरीपाशी मोटारीखाली आडवा. तिथून मान तिरकी केली की ओटा दिसायचा, ओट्यावर खुर्ची दिसायची आणि खुर्चीत राव दिसायचा, बशीतून चहा पिताना. सासरा एकच, जावई दोन, एकाला अहोजाहो आणि एकाला अरेतुरे. थोरला कोण? भाईदास. शिकवलं कोणी? भाईदासनं. मग?

"मग काय," यशोदाबाई म्हणायची, "तुम्हाला राव म्हटलं नाही तर भाकरी खाली उतरत नाही का?"

उतरायची नाही, हे खरंच होतं. पण बायकोपुढे कबूल कोण करणार?

तर असा हा माणूस. आता त्याच्या नावेची गोष्ट.

श्रावणात गल्लीतल्या गणेश मंडळाची बैठक झाली. देखावा दरवर्षी भाईदासच करायचा. विषय सुचवायचं काम योगेंद्रकडे. हा योगेंद्र शाळेत इतिहास शिकवतो, गल्लीतच राहतो आणि सगळ्यांना मामा-मावशी म्हणतो. त्यानं यंदा मोबाइलवर एक चित्र काढून दाखवलं. पाण्यात एक घराचं छप्पर तरंगतंय असं काहीतरी दिसत होतं.

"हे काय, पूर आलाय?" कोणीतरी विचारलं.

"जहाज आहे," योगेंद्र म्हणाला. "लोखंडी कवचाचं. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी लागली होती तेव्हाचं. उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली, तिथला कापूस बाहेर पडेना, आणि विलायतेच्या गिरण्या आपल्या खानदेशाकडे धावल्या. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला तो त्या लढाईमुळे. ती नाकेबंदी फोडायला दक्षिणेनं हे जहाज बांधलं होतं. त्या जहाजाचा आणि आपल्या चोपड्या-धरणगावच्या कापसाचा असा संबंध आहे."

कापूस म्हटल्यावर भाईदासचे कान टवकारले. म्हणजे डावा कान. उजवा कान ग्राइंडरच्या आवाजानं कधीच खाऊन टाकला होता, पण हेही तो बोलून दाखवायचा नाही.

योगेंद्रची कल्पना साधी होती. दक्षिणेकडे लोखंड कमी पडलं तेव्हा काही बोटींवर त्यांनी चक्क कापसाच्या गाठी रचल्या होत्या, गोळे अडवायला. तशीच आपण कापसाची नाव करू. बांबूचा सांगाडा, वर कापसाची पोती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवू, विसर्जनालाही फिरेल. हलकी, स्वस्त आणि आपल्या मातीतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाईदासनंही डोलावली. तिथंच हे प्रकरण गोडीगुलाबीनं संपलं असतं.

पण दोन दिवसांनी नानांचा फोन आला.

शेडमध्ये कारागिराचं ग्राइंडर चालू होतं. भाईदासच्या डाव्या हातात लोखंडी अँगल, म्हणून फोन लावला उजव्या कानाला. नाना तिकडून बोलताहेत, इकडे ठिणग्या उडताहेत, आणि कानात शिरलं ते एवढंच:

"बन्सीलालराव... धुळामा... नाव काढी ऱ्हायना... मोठी... शे भो."

भाईदास जागच्या जागी उभा राहिला. नाव काढतोय? धुळ्यात? हासुद्धा नाव काढतोय?

"मोठी शे का?" त्यानं ओरडून विचारलं.

"मोठीच ना भो!" नाना तिकडून खूश होऊन म्हणाले. "आखो काय पाहिजे?"

फोन ठेवला तेव्हा भाईदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आपली नावेची कल्पना फुटली! कोणी फोडली? यशोदेनं बहिणीला सांगितलं असणार. आणि त्यानं लगेच उचलली असणार, त्या कम्प्युटरवाल्या मशीनवर सटासट पत्रे कापले असणार, आणि धुळ्याच्या रस्त्यावरून ती भलीमोठी नाव निघणार, पुढे खुर्चीत नाना बसणार, आणि म्हणणार, वा बन्सीलालराव! आणि इथं पिंप्राळ्यात आपण काय, कापसाचे बोळे लावत बसायचं?

"ग्राइंडर बंद कर रे!" तो कारागिरावर खेकसला. मग घरात जाऊन बायकोला बजावलं, की धुळ्याला एक अक्षर कळता कामा नये.

"कसलं अक्षर?" यशोदाबाईनं विचारलं. "सुलक्षणेशी माझं महिनाभर बोलणं नाही."

"तेच ते. बोलायचंच नाही!"

बन्सीलालचे फोन त्या आठवड्यात तीनचारदा आले. भाईदास नाव बघायचा आणि कापायचा. हेरगिरी करतोय साला, दुसरं काय.

आता योगेंद्रची गंमत झाली. ज्या भाईदासनं बैठकीत नुसती मान डोलावली होती, तो रोज शाळा सुटली की त्याला रस्त्यात गाठायला लागला. "हां, तर त्या दक्षिणवाल्यांनी जहाज बांधलं कसं ते सांग. नीट सांग."

योगेंद्र बिचारा शिक्षक. ऐकणारा मिळाला की खुलणारच. त्यानं सांगितलं, की दक्षिणवाल्यांकडे ना गोदी धड, ना कारखाने. उत्तरेचं आरमार बंदर सोडून पळताना एक जहाज जाळून बुडवून गेलं होतं. त्यांनी तेच वर काढलं. जळलेला वरचा भाग कापून टाकला आणि त्यावर उतरतं छप्पर बांधलं. इंजिन तेच ठेवलं, आधीच रद्दी ठरलेलं आणि वर पाण्यात भिजलेलं, कारण नवं करायला वेळ कुणाला होता? छपरावर एक इंचाचा पत्रा मारून तोफ झाडून बघितली, पत्रा फुटला. मग दोन इंची करायचं ठरलं, पण तेवढा जाड पत्रा लाटायची सोय नव्हती, म्हणून कारखान्यानं यंत्रंच बदलली. आणि लोखंड? जुने रूळ वितळवून लाटले.

"रूळ? रेल्वेचे?"

"रेल्वेचे. पुढे पुढे तर वापरातले रूळ उपटायची पाळी आली. जहाजांना कवच मिळालं, आणि त्यांच्याच गाड्या अडल्या. एक जहाज तर त्यांनी मक्याच्या शेतात बांधलं, नदीकाठी, उघड्यावर. बायकांनी वर्गण्या काढल्या."

"आणि पलीकडचे? उत्तरवाले?"

"त्यांना बातमी लागली की दक्षिणवाले लोखंडी जहाज करताहेत. झोप उडाली. घाईघाईनं एकाचं डिझाइन उचललं. सांगाडा एका कारखान्यात, फिरता बुरूज दुसऱ्या, इंजिन तिसऱ्या. इकडे काम चालू, तिकडे नकाशे काढणं चालू. जाड पत्रा लाटत बसलो तर उशीर होईल म्हणून बुरुजाला इंच-इंच पत्र्याचे आठ थर लावले. तोफांची पुरती चाचणी झाली नव्हती, म्हणून दारू अर्धीच भरायचा हुकूम. शंभरेक दिवसांत जहाज पाण्यात."

भाईदास ऐकत होता आणि त्याला सगळं कळत होतं. योगेंद्रला त्यात इतिहास दिसत होता, भाईदासला साडू दिसत होता. ही जहाजं कोणी शांतपणे बसून आखली नव्हती. पलीकडे काहीतरी चाललंय, एवढ्या एका बातमीवर माणसं पेटली होती. जे हाताशी आलं ते जोडलं, जे मोडायला नको ते मोडलं, आणि इंजिन चालेल का, जहाज वळेल का, हे विचारायला कोणी थांबलंच नाही. असं काम कसं होतं ते भाईदासला पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

"आपण कापसाची नाव नाही करायची," त्यानं जाहीर केलं. "लोखंडाची करायची. खरी."

"मामा, वजन?"

"तुझ्या जहाजाला वजन नव्हतं का?"

आणि कामाला तोंड लागलं. गिऱ्हाइकांची गेटं बाजूला पडली. चौकोनी पाइपचा सांगाडा उभा राहिला, त्यावर पत्रा, पत्र्यावर पत्रा. घरचं लोखंड संपलं तेव्हा भाईदासनं गल्लीत हाक दिली. अमेरिकेच्या बायकांनी हातभार लावला, तुम्हाला काय झालं? बायका काय, देवाचं काम म्हणून निघाल्या. फुटक्या कूलरचे डबे आले, वाकडे तवे आले, भिकुबाईनं नवऱ्याची लोखंडी खाट आणून टाकली आणि वर म्हणाली, "घेऊन टाक बाबा, तो तसाही ओट्यावरच झोपतो." सगळं कापलं, ठोकलं, चढवलं. नाव रोज फुगत गेली. धुळ्याची किती मोठी असेल हे माहीत नव्हतं, त्यामुळे आपली किती मोठी पुरेल हेही कळत नव्हतं. मनातल्या मनात बन्सीलालची नाव रोज हातभर वाढायची, की इकडे भाईदास हातभर वाढवायचा.

चतुर्थी तोंडावर आली आणि राहिलं फक्त नाक.

त्या जहाजाला पाण्याखाली एक लोखंडी नाक होतं, शत्रूच्या जहाजात खुपसायला. योगेंद्रनं चित्र दाखवलं होतं. त्या नाकानं एक मोठं जहाज खरंच फोडलं, पण तेवढ्यात ते नाक मोडून तिथंच राहिलं, असंही तो म्हणाला होता. पण तो तेव्हा भाईदासच्या उजव्या बाजूला उभा होता.

नाक पत्र्याचं करून बघितलं, पिचकलं. दोन पत्रे जोडून बघितले, बेंगरूळ दिसलं. जाड प्लेट पाहिजे होती. सणामुळे बाजारातली दुकानं गजबजलेली, ऑर्डर दिली तर माल चार दिवसांनी. आणि चार दिवसांनी काय, बन्सीलालची नाव फिरून परत येईल. भाईदास शेडमध्ये येरझाऱ्या घालत होता. घालता घालता पाटाला टेकला.

यशोदाबाई चहा घेऊन आली तेव्हा पाटावर खडूची रेघ मारलेली होती आणि भाईदास गॅस कटरची नळी सोडवत होता. तिच्या हातात कप तसाच राहिला.

"अहो, हा नानांचा आहे."

"माझा आहे. मला दिलाय."

"तुम्हाला दिलाय म्हणून कापायचा? उद्या काम कशावर करणार?"

"उद्याचं उद्या. बन्सीलालचं नाक कापायचं असेल तर माझ्या नावेला नाक पाहिजे!"

"त्याचं नाक कापायला आपलं पोट कापताय," ती म्हणाली, आणि कप खाली ठेवून निघून गेली. भाईदासनं डोळ्यांवर काच ओढली. कटर पेटला. प्लेट कापताना त्यानं मधेच एकदा कटर उचलला, पण तोवर अर्धी कापून झाली होती.

दोन तुकडे, एकमेकांना टेकवून जोडलेले, टोकदार. नाक झकास झालं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर जोडला. ढोल वाजले. शेडमधून नाव बाहेर पडली तेव्हा गल्ली अवाक झाली. काळी, ढब्बी, चारी बाजूंनी उतरती, पुढे ते नाक. ट्रॉलीची चाकं रुतत, कण्हत मंडपाच्या कोपऱ्यापर्यंत आली. वळायची वेळ आली आणि खालून कडाड् झालं. एक्सल वाकला. नाव कोपऱ्यावर आडवी बसली ती बसलीच. मंडप समोर दिसत होता.

"खरं जहाजही वळायचं नाही, मामा," योगेंद्र हळूच म्हणाला. "वळवायला अर्धा तास लागायचा. आणि इतकं खोल बुडायचं, की नदीत वर नेता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच उडवून दिलं."

या वेळी तो डाव्या बाजूला होता. भाईदासला सगळं ऐकू आलं.

पण लोक कुठं ऐकतात? गर्दी जमली. पोरं नाकावर चढली, बाया फोटो काढायला लागल्या. "भाईदासनं नाव काढली बुवा!" म्हणून हाळी उठली. गणपती मंडपात, नाव कोपऱ्यावर, असं ठरूनही गेलं. भाईदासची छाती फुगली. आता एकच माणूस यायला पाहिजे होता हे बघायला.

आणि तो आलाच. रिक्षा थांबली, आधी नाना उतरले, काठी टेकत. मग पांढऱ्या शर्टातला बन्सीलाल, आणि मागून त्याची मुलगी समीक्षा. भाईदास गर्दीतून पुढे झाला. इतके दिवस घोळवलेलं वाक्य त्यानं बाहेर काढलं.

"काय बन्सीलाल, तुमची नाव कुठं ठेवून आलात?"

"माझी नाव?" बन्सीलाल हसला. मग त्याला कळेना की हसायचं का. "कुठली नाव, साडूभाऊ?"

"आता लपवू नका. नानांनी मला फोनवर सांगितलंय. धुळ्यात नाव काढताय, मोठी आहे म्हणून."

नानांनी काठी आपटली. "कसानी नाव? मी तुले काय सांगं? बन्सीलालराव धुळामा तुनं नाव काढी ऱ्हायना! जठे जाई तठे सांगस, माले भाईदासनी शिकाडं. मोठी गोट शे भो, आसं म्हनं मी!"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. भाईदास मात्र गार पडला. धुळ्यात नाव नव्हतीच. ज्या नावेला हरवायला त्यानं महिनाभर जिवाचा आटापिटा केला ती नाव त्याच्या उजव्या कानात बांधली गेली होती.

"मी तर केव्हाचा फोन करतोय," बन्सीलाल म्हणाला. "समीक्षा आयटीआयला लागली, वेल्डर ट्रेडला. म्हटलं पहिला टाका तुमच्या पाटावरच मारायचा, माझ्यासारखा. म्हणून नानांनाही घेऊन आलो. चला, दाखवू तिला."

आणि तो सवयीनं शेडकडे निघालासुद्धा. भाईदासला हाक मारून थांबवता आलं नाही. शेडमध्ये चार लोखंडी पाय उभे होते, वर काही नाही. समीक्षानं बापाकडे बघितलं. नानांनी त्यातल्या एका पायावर काठी वाजवून बघितली.

"भाईदास," ते म्हणाले, "पाट कोठे शे?"

भाईदासनं नुसता हात केला, कोपऱ्याकडे.

सगळे परत आले. बन्सीलाल नाकापुढे उकिडवा बसला. अंगठ्यानं ओला काळा रंग पुसला, पांढऱ्या शर्टाला लागला तरी थांबला नाही. रंगाखाली एक खोलगट खूण निघाली, हातोडी निसटली होती तेव्हाची. "ही माझी," तो म्हणाला. "ह्या खुणेपायी तुम्ही मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं."

भाईदास शिवीची वाट बघत होता. चार लोकांत दोन शिव्या घाल, नानांसमोर माझी लाज काढ, म्हणजे मला तुझा राग तरी करता येईल. पण बन्सीलाल उठला आणि म्हणाला, "वेल्डिंगची केबल इथपर्यंत पोचते का?"

केबल पोचली. समीक्षानं नाकाच्या तळाशी रॉड टेकवला आणि तो चिकटून बसला. भाईदासच्या तोंडून आपोआप निघालं, "झोपली का गं? उचल! हात उचल!"

"अस्संच!" बन्सीलाल टाळी वाजवून ओरडला. "अगदी अस्संच ओरडायचे!"

दुसऱ्या वेळी टाका बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाईदासला आतून चरचरलं. मशीनमध्ये पुढे, शर्टात पुढे, आणि आता मोठेपणातही हाच पुढे! पाट मी कापला, आणि लाज यानं राखली. पण बोलायला तर पाहिजे होतं काहीतरी. त्यानं घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "चुकलो, बन्सीलालराव."

बन्सीलालचा चेहरा एकदम उतरला.

"तुम्ही तरी राव नका म्हणू," तो म्हणाला, आणि त्याचा तो गोड आवाज कुठच्या कुठं गेला. "एक नाना म्हणतात तेवढं पुरे आहे. लग्न झाल्यापासून बघतोय. तुम्ही आलात की नाना तुम्हाला मोटार बघ म्हणतात, पत्रा बघ म्हणतात, आणि मला खुर्ची देतात. एकदा मी मोटारीपाशी गेलो, तर म्हणाले, 'नको राव, आमना भाईदास शे ना.' तुम्हाला पाट दिला आणि मला राव दिला. त्या खुर्चीत बसून तुमच्याकडे बघत इतकी वर्षं जळतोय मी. तुमचं नाव काढायचो ते खरं आहे म्हणून, पण नानांच्या कानावर जावं म्हणूनही. वाटायचं, एकदा तरी म्हणतील, अरे बन्सीलाल."

विहिरीपाशी आडवा पडून भाईदास खुर्चीकडे बघत होता, तेव्हा खुर्चीतून कोणीतरी मोटारीकडे बघत होतं. आणि दोघांच्या मधे ओट्यावर नाना निवांत तंबाखू मळत बसलेले.

आत्ताही ते मंडपाच्या खुर्चीत तसेच बसले होते. त्यांचे दोन्ही कान शाबूत होते. त्यांनी एकदा एका जावयाकडे बघितलं, एकदा दुसऱ्याकडे, मग काठीनं ट्रॉलीखाली दाखवलं.

"का रे भाईदास, हाऊ एक्सल कोन काढी? गणपती काय नावमा बठाडशी?" आणि जरा थांबून, "ऊठ रे बन्सीलाल, तू बी हात लाव."

बन्सीलालनं बाह्या सारल्या. पांढऱ्या शर्टासकट तो ट्रॉलीखाली शिरला, पोरासारखा, हसत. भाईदास पान्हा घेऊन त्याच्या शेजारी आडवा झाला. खालून मान तिरकी केली की नाना दिसत होते आणि त्यांच्या शेजारची खुर्ची दिसत होती. ती रिकामी होती.

"अरे बन्सीलाल, नीट धर," नाना वरून म्हणाले.

आणि भाईदासच्या पोटात पुन्हा थोडंसं दुखलं.